परकराची गाठ

"तिला काय विचारताय डॉक्टर? मी सांगतो की," आक्का म्हणाल्या.

आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलतात, आक्काही तशाच बोलायच्या. त्या माझ्या डोक्याशी उभ्या होत्या. दवाखान्याची हिरवी टोपी घातली होती आणि टोपीवरून पुन्हा पदर घेतला होता. मी ऑपरेशनच्या टेबलावर उताणी पडले होते. दोन्ही हात दोन बाजूंच्या फळ्यांवर पसरून वर पट्टे आवळलेले. छातीवर एक हिरवा पडदा आडवा लावला होता, त्यामुळे अलीकडं मी नि आक्का, पलीकडं माझं पोट नि डॉक्टर मुजावर, अशी आमची वाटणी झाली होती. भूल फक्त पोटाच्या तेवढ्या भागाला दिली होती. बाकीची मी टक्क जागी होते.

"आक्का, पोट त्रिशलाबाईंचं आहे," डॉक्टर पडद्यापलीकडून म्हणाले. "त्यांनी सांगितलं तर बरं."

"पोट तिचं हाय हो. पण तिला काय कळतंय त्यातलं? गोल करा. आणि जरा वर घ्या."

बोलणं चाललं होतं माझ्या बेंबीबद्दल.

मिरजेतल्या एका लहानशा खासगी दवाखान्यातली ही गोष्ट. दहा-बारा वर्षं झाली त्या दिवसाला. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, तशा त्या जयसिंगपूरला माहेरी परतल्या आणि आईवेगळ्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनीच लहानाचा मोठा केला. मी सून म्हणून आले तेव्हा 'हिला सासू नाही, मजा आहे हिची' असं म्हणून माझ्या मैत्रिणी जळल्या होत्या. बिचाऱ्यांना काय माहीत!

आक्का वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. माझ्या बाळंतपणांत त्यांनी माझं जे केलं ते माझ्या सख्ख्या आईनं केलं नसतं. पण त्या एकदा जीव लावायला लागल्या की समोरच्याला श्वास घ्यायला जागा उरायची नाही. मला भूक लागली हे त्यांना माझ्याआधी कळायचं. डॉक्टरकडं गेलं की माझं कुठं दुखतंय ते त्या सांगायच्या आणि मी आपली जीभ दाखवायची. घरात त्यांची हाक आली की दुसऱ्या हाकेच्या आत उठून उभं राहायचं, असा एक न सांगितलेला कायदा होता. मी तो मोडल्याचं मला आठवत नाही.

आता माझी बेंबी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत कशी पोचली ते सांगायला हवं.

थोरली मैना. तिच्यानंतर खूप वर्षांनी मला जुळे झाले, दोन्ही मुलगे आणि दोन्ही चांगले बाळसेदार. त्यांनी माझं पोट असं ताणलं की ते पुन्हा जागेवर आलंच नाही. मी वळले की पोट माझ्यामागून सावकाश वळायचं. त्यातच बेंबीतून हर्निया बाहेर आला. डॉक्टर म्हणाले, कांद्याएवढा आहे. आमचं घर जैनांचं, कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही, तेव्हा आक्कांनी तोंड वाकडं करून, "लिंबाएवढा म्हणा," अशी दुरुस्ती केली. डॉक्टर म्हणाले, हर्निया दुरुस्त करू, पोटाचे फाकलेले स्नायू शिवू आणि लोंबणारी कातडीही काढून टाकू, सगळं एकाच वेळी. आक्कांनी हर्नियाला होकार दिला. कातडीचं त्यांना पटलं नव्हतं, पण एकावर एक मिळतंय म्हटल्यावर गप्प बसल्या.

त्या पहिल्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "उद्या सकाळी परकर रोज जिथं बांधता तिथंच बांधून उभ्या राहा. मी गाठीच्या खाली पेनानं खूण करणार. म्हणजे ऑपरेशनचा व्रण कायमचा परकरात लपेल."

मी परकर बेंबीच्या चांगला खाली बांधायची, लग्नाआधीपासून. पण सकाळी डॉक्टरांची पावलं वाजली मात्र, आक्का झटकन पुढं झाल्या, त्यांनी माझा परकर पार बेंबीच्या वर ओढला आणि नाडीला अशी गाठ मारली की माझा श्वास अडकला. परक्या पुरुषासमोर बेंबी उघडी टाकून उभं राहायचं म्हणजे काय! ज्या माणसाला थोड्या वेळानं माझं अख्खं पोट उलगडून बघायचं होतं, त्याच्यापासून आक्का माझी बेंबी लपवत होत्या.

"इथंच बांधता रोज?" डॉक्टरांनी जरा अडखळून विचारलं.

"आमच्या घरात सगळ्या बायका इथंच बांधतात," आक्का म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. आक्कांनीही पाहिलं. मी मान खाली घातली. दोघांनीही तो होकार धरला.

व्रण आला तो वर. तो झाकायचा तर परकर वरच बांधायला हवा, आणि वर बांधला की नाडीची गाठ बरोबर कातडी काढताना नव्यानं बसवलेल्या बेंबीवर यायची. ओली जखम, वर गाठ, त्यावर निऱ्यांचा बोंगा. ती घासली, चिघळली, पिकली, आणि शेवटी भरून आली तेव्हा बेंबी मिटूनच गेली होती. पोटाच्या मध्यावर एक बारीक चीर उरली. आंघोळीचं पाणी आत जायचं ते बाहेर यायचं नाही. साबण साचायचा, वास यायचा. कापसाची काडीसुद्धा आत जाईना. दिवसभर पोटावर ती गाठ टोचायची आणि मला वाटायचं, आपल्याला कुणीतरी मधोमध बांधून ठेवलंय.

"कोण बघतंय तिथं?" आक्का म्हणायच्या. नवराही तेच म्हणायचा. बहुतेक बरोबरच होतं त्यांचं. कोणीच बघत नव्हतं. पण मला माझी बेंबी परत हवी होती. का, ते नीट सांगता आलं नसतं. नुसती हवी होती. पुढं वासच एवढा यायला लागला की आक्काच म्हणाल्या, दाखवून येऊ या.

डॉक्टर मुजावरांनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. "गाठ इथं यायला नको होती," ते म्हणाले. "मी विचारलं होतं ना, इथंच बांधता म्हणून?" आक्का भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या. व्रण आता खाली नेता येणार नाही, पण मिटलेली बेंबी उघडून नीट आकाराची करता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. काही चित्रं दाखवली. उभी बेंबी, गोल, आडवी, वर पाळ असलेली. मला ठाऊकच नव्हतं की यात इतके प्रकार असतात.

"तुमची मूळची कशी होती, ते आठवून या," ते म्हणाले. "फोटो असेल तर उत्तमच."

फोटो! आमच्या घरातल्या अल्बमांत मी शेकड्यांनी आहे आणि प्रत्येक फोटोत माझ्या पोटावर पदर आहे. माहेरच्या फोटोंत फ्रॉक आहे, मग युनिफॉर्म आहे. खोलीतला आरसा कुंकू लावण्यापुरता, तोंडाच्या उंचीवर टांगलेला. आणि बेंबी ही वस्तू अशी, की आपली आपल्याला फक्त वरून दिसते. तीसुद्धा जुळ्यांच्या वेळेपासून हर्नियानं फुगून बाहेर आलेली. त्याआधी ती कशी होती? मी आठवून आठवून दमले. शेवटी नवऱ्याला विचारलं. त्यांचं खतांचं दुकान आहे. ते रात्रीची हिशेबाची जुळवाजुळव करत बसले होते.

"अहो, माझी बेंबी कशी होती?"

"कशी म्हणजे?"

"म्हणजे आकार कसा होता?"

त्यांनी खरंच मनापासून विचार केला. मग म्हणाले, "बेंबीसारखी."

मी हसले, आणि मग मोरीत जाऊन रडले. इतकी वर्षं जे शरीर घेऊन मी या घरात वावरले, ते कुणी नीट पाहिलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

तर असं सगळं होऊन मी पुन्हा त्या टेबलावर आले होते. खरं तर आक्कांनी आत यायचं काही कारण नव्हतं. पण "तिला चक्कर येतीया, मी पाहिजेच," असा त्यांनी हट्ट धरला आणि डॉक्टरांनी कंटाळून टोपी दिली. मैना बाहेर बाकावर बसली होती. ती तेव्हा सांगलीला फार्मसी शिकत होती. गाडी चालवायला कुणी नव्हतं म्हणून आली होती, एरवी आली असती की नाही कोण जाणे. मैना माझं पहिलं लेकरू, पण लहानपणापासून माझ्याशी जरा अंतर राखूनच. पाच वर्षांची झाल्यापासून ती माझ्याजवळ झोपायची नाही. उशी उचलून आत्तीकडं जायची, म्हणजे आक्कांकडं. तिनं एकदा मला तोंडावर सांगितलं होतं, "आई, तू कधी काही बोलतच नाहीस. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं." मला ते लागलं होतं, आणि त्यावरही मी काही बोलले नव्हते.

डॉक्टरांना दुसरा पेशंट आल्यामुळे आम्हाला उशीर झाला होता. खिडकीच्या धुरकट काचेवरचं ऊन पिवळं पडत चाललं होतं, आणि आक्कांची चुळबुळ मला डोक्याशी कळत होती. त्या दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. नेम कधी मोडलेला नाही. डबा गाडीत होता.

"जुना व्रण काढला," डॉक्टर म्हणाले. "बेंबीचा देठ मोकळा झालाय. आता कातडी बसवायची. त्रिशलाबाई, शेवटचं विचारतो. कशी करू?"

मी तोंड उघडलं.

"गोल म्हणून सांगितलं की," आक्का म्हणाल्या. "आणि वर."

"वर घेता येत नाही, आक्का. देठ जिथं आहे तिथंच राहणार."

"मग खोल करा. खोल बेंबी भाग्याची असतीया. दिसायचा काय प्रश्नच नाही, वरनं गाठ येणार."

पुन्हा गाठ! जुन्या जागेवर पुन्हा तीच गाठ येणार आणि ही नवी बेंबीही तिच्याखाली गुदमरणार. हात हलवायला गेले तर पट्टे. मान उचलायला गेले तर पडदा. आक्कांनी माझ्या कपाळावर तळवा ठेवला. थंड आणि जड, आणि प्रेमाचा. तेच तर वाईट होतं. नुसता जडच असता तर मी तो झटकून टाकला असता.

"पडून ऱ्हा," त्या म्हणाल्या. "मी हाय न्हवं?"

ते ऐकलं आणि मला अचानक चिकटपट्टी आठवली.

मैना लहान असताना तिला एक खोड होती. झोपताना तिला माझ्या बेंबीत बोट लागायचं. बऱ्याच पोरांना असते ती खोड. फ्रॉकातलं ते एवढंसं पोर माझ्या कुशीत शिरायचं, पदराखालून हात घालायचं, अंधारात बोट बरोबर जागेवर पोचायचं आणि ते दोन मिनिटांत झोपायचं. मला गुदगुल्या व्हायच्या. मी श्वास रोखून पडायची आणि मला फार, फार सुख वाटायचं. मग मैना शाळेत जायला लागली आणि आक्कांच्या मनात आलं की एवढ्या घोडीला हे शोभत नाही. त्या दर रात्री मैना झोपायला यायच्या आधी माझ्या खोलीत यायच्या, माझा पदर बाजूला सारायच्या आणि बेंबीवर चिकटपट्टीची फुली मारायच्या. मला न विचारता. पोरगी पट्टीवर बोट फिरवायची, नखानं कडा उचकायची, रडायची. काही रात्री रडली. मग एका रात्री तिनं उशी उचलली.

पट्टी, परकर, गाठ. सगळं माझ्याच पोटावर आणि विचारलं कुणी कुणाला? मी त्या टेबलावर पडल्या पडल्या हे सगळं एका दमात पाहिलं. आणि त्याबरोबर दुसरीही गोष्ट लक्षात आली. माझी बेंबी कशी होती हे या जगात एका माणसाला पाठ होतं. डोळ्यांनी नसेल, पण बोटानं पाठ होतं. आणि ते माणूस दाराबाहेर बाकावर बसलेलं होतं.

माणूस बेंबीच्या देठापासून ओरडतो म्हणतात. माझा देठ त्या घटकेला डॉक्टरांच्या चिमट्यात होता, त्यामुळे असेल, पण आवाज निघाला तो एवढासाच.

"डॉक्टर, थांबा."

"दुखतंय?"

"नाही. मैनाला आत बोलवा. माझ्या मुलीला."

"अगं कशाला?" आक्का म्हणाल्या. "कुवार पोरगी ती, तिचं काय काम इथं? डॉक्टर, तुम्ही करा सुरू. गोल."

"आक्का," मी म्हणाले, "तुम्ही बाहेर जा."

पलीकडं नर्सच्या हातातलं काहीतरी थाळीत वाजलं. मला आक्कांचा चेहरा उलटा दिसत होता, हनुवटी वर नि डोळे खाली. त्यांना कळलंच नाही मी काय म्हटलं ते. खरं सांगायचं तर मलाही पटकन कळलं नाही. तळवा माझ्या कपाळावर तसाच होता.

"मी?"

"हो. तुम्ही बाहेर जा, आणि मैनाला पाठवा."

किती भीती वाटली मला! हात बांधलेली, पोट उघडं, आणि मी त्या घरच्या मालकिणीला खोलीबाहेर काढत होते. परत त्याच घरात जायचं होतं. आक्का रडतील असं वाटलं, किंवा ओरडतील. त्यांनी तळवा उचलला. कपाळ एकदम गार पडलं. त्यांनी खिडकीकडं पाहिलं.

"दिवस मावळाय लागलाय," त्या म्हणाल्या. "माझी जेवायची वेळ झालीया. जातो मी." त्यांनी पदराखालची टोपी काढून घडी केली, ती नर्सच्या हातात दिली आणि ताठ मानेनं निघाल्या. दाराशी पोचल्यावर मात्र वळल्याच. "गोलच करा हं, डॉक्टर."

डॉक्टर मुजावरांपुढचा पडदा थोडा हलत होता. ते हसत असावेत.

मैना आली ती घाबरून. टोपी वाकडी, ओढणी खोचलेली. "काय झालं? आत्ती म्हणाली, तुझी आई वेड्यासारखं करायला लागलीय."

"इथं ये. पडद्याच्या अलीकडंच थांब. मैना, तुला माझी बेंबी आठवते?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या ओठांचा कोपरा लहानपणी रडायच्या आधी जसा हलायचा तसा हलला. "हे विचारायला बोलावलंस?"

"डॉक्टरांना सांगायचंय. मला नाही आठवत. तुझ्या बाबांनाही नाही. तुला माहितीये ती."

डॉक्टरही पडद्यावरून डोकावून पाहत थांबले. मैनानं माझ्या डोक्याजवळून पुढं होत माझा बांधलेला हात पाहिला, त्याची बोटं दुमडून तळव्याची खोलगट वाटी केली, आणि डोळे मिटले. तिनं तिचं बोट माझ्या तळव्यात ठेवलं.

"असं आत जायचं," ती म्हणाली. "सरळ नाही. उभ्या फटीतून. मग वरून एक पाळ यायची, टोपीसारखी. बोट त्या पाळीखाली अडकायचं, इथं. बरोबर अडकायचं. मग मला झोप यायची." तिचं बोट माझ्या तळव्यात वळत होतं आणि भूल पोटाला दिलेली असूनही मला ते तिथंच जाणवत होतं. "आणि आत एक दाणा होता, तांदळाएवढा. उजव्या बाजूला."

"उजव्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"उजव्या. नक्की."

"खोली किती?"

मैनानं डोळे उघडले, स्वतःच्या हाताकडं पाहिलं. "तेव्हा माझं बोट लहान होतं. आता करंगळी जाईल. एवढी." तिनं करंगळीचं पहिलं पेर दाखवलं.

"उभी, वर पाळ," डॉक्टर म्हणाले. "दाणा मला जमणार नाही, पण उजव्या बाजूला एक वळी ठेवता येईल. चालेल, त्रिशलाबाई?"

"चालेल," मी म्हणाले. माझ्या तोंडून, माझ्या आवाजात.

डॉक्टर पडद्यामागं गेले. मैनानं माझा हात सोडला नाही. पलीकडं कात्री चालत होती. मग ती अगदी हळू म्हणाली, "तू पट्टी का लावायचीस, आई?"

मला आधी अर्थच लागला नाही.

"मी लाडात यायचे ते तुला नको झालं होतं ना? किळस यायची का? मी किती दिवस विचार करत होते, माझं बोट घाण होतं का म्हणून. साबणानं धुऊन यायचे मी. तरी पट्टी असायचीच."

बोट धुऊन यायची! पाच वर्षांचं पोर मोरीत जाऊन, साबणानं बोट धुऊन माझ्याकडं यायचं, आणि मी काय समजत होते, तर हिला आत्तीचा लळा लागला. इतकी वर्षं तिनं ती पट्टी माझी समजून मनात ठेवली होती. मला हुंदका आला. पोट हललं, तसे डॉक्टर ओरडले, "हलू नका!" म्हणजे रडायचीही सोय नव्हती. डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानांत गेलं.

"मी नाही गं लावली," मी म्हणाले. "मला हवं होतं तुझं बोट."

"मग काढली का नाहीस?"

"आता काढली," मी म्हणाले.

मैनानं ओढणीच्या टोकानं माझे कान पुसले, आधी एक, मग दुसरा.

बाहेर आलो तेव्हा आक्का गाडीत बसून होत्या. डबा उघडला नव्हता. सूर्य गेला होता, म्हणजे त्या दिवशी त्या उपाशीच राहिल्या. जयसिंगपूरच्या चौकात त्यांनी विचारलं, "गोल केली का?" आणि मी म्हणाले, "नाही." एवढ्यावर ते संपलं. पट्टीचा विषय मी त्यांच्याजवळ कधी काढला नाही, त्यांनी माझी बेंबी कधी पाहिली नाही. पण जखम भरल्यावर मी परकर खाली बांधायला लागले, माझ्या जुन्या जागेवर. वर व्रण दिसतो. दिसू दे. पहिल्यांदा आक्कांनी पाहिलं तेव्हा त्यांचा हात पुढं आला, ओढायला, सवयीनं. मी एक पाऊल मागं सरले. हात तसाच हवेत राहिला, मग त्यांनी त्या हातानं शेगडीवरचं दूध उतरवलं.

गेल्या उन्हाळ्यात मैना माहेरपणाला आली होती. आता तिचा संसार पुण्याला, नोकरी आहे, पाठदुखी आहे. दुपारी जेवणं झाल्यावर मी आतल्या खोलीत सतरंजीवर पडले होते, ती येऊन शेजारी आडवी झाली. नवऱ्याच्या कागाळ्या सांगता सांगता तिचे शब्द जड व्हायला लागले. आणि तिचा हात, तिच्याही नकळत असावा, माझ्या पदराखालून आला. करंगळी पाळीखाली जाऊन अडकली. मी श्वास रोखला.

"आई," ती डोळे न उघडता म्हणाली, "दाणा या बाजूला नव्हता गं. डावीकडं होता."

"तूच सांगितलंस की उजवीकडं. नक्की म्हणालीस."

"मी तुझ्याकडं तोंड करून झोपायचे ना. माझी उजवी ती तुझी डावी." झोपेतच तिला हसू आलं. "चुकलंच की सगळं."

"असू दे," मी म्हणाले.

करंगळी हलली नाही. तिचा श्वास संथ झाला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आक्कांनी हाक मारली, "त्रिशला!" आता त्यांचा आवाज थकलाय, पण हाकेत फरक नाही. थोड्या वेळानं दुसरी हाक आली, मग तिसरी.

लेक झोपली होती. मी उठले नाही.